आवाजाचा कॅमेरा

"जो क्षण फोटोत येतो, तो फोटो काढणाऱ्यानं पाहिलेला नसतो," हेर्मिलो साल्दिव्हार एकदा म्हणाला होता.

आम्ही हसलो होतो. कुस्तीच्या अरेनाच्या मागच्या दारात गोर्दितांच्या, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्यांच्या, गाडीपाशी उभे होतो आणि त्याच्या मिशीला लाल मिरचीचा रस्सा लागला होता. मिशीला रस्सा लागलेल्या माणसाचं वाक्य कोणी गंभीरपणे घेत नाही. पण तो यंत्राविषयी बोलत होता आणि खरं तेच सांगत होता. त्याच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा होता. त्या आरशातून समोरचं दिसायचं. बोट दाबलं की आरसा वर उडायचा, प्रकाश आत जायचा आणि तेवढा वेळ डोळ्यापुढं अंधार. म्हणजे पैलवान हवेत असतानाचा जो फोटो सोमवारच्या पेपरात यायचा, तो हेर्मिलोनं आंधळ्यासारखा काढलेला असायचा.

"मी दाबतो तेव्हा मी तिथं नसतो," तो म्हणाला.

"तू दाबत नाहीस तेव्हा तरी कुठं असतोस?" उर्सुलोनं विचारलं. उर्सुलो दुसऱ्या पेपरचा फोटोग्राफर. त्यानं नुकताच बिनआरशाचा नवा कॅमेरा घेतला होता आणि नव्या जावयासारखा तो सगळीकडं मिरवत होता.

हेर्मिलोला आमच्या गावात, गोमेस पालासियोत, सगळे मात्राका म्हणत. मात्राका म्हणजे कुस्तीच्या वेळी लोक हात वर करून गरागरा फिरवतात ती लाकडी करकर. त्याचा कॅमेरा तसाच वाजायचा. खट-खट-खट-खट, सुकलेल्या शेंगेतल्या बियांसारखा. रिंगच्या दक्षिण बाजूला माझं टेबल होतं, त्यावर घंटा. फेरी सुरू झाली की घंटा मारायची, संपली की मारायची, एवढंच माझं काम. माझ्या डाव्या हाताला, जमिनीवर, उलट्या बादलीवर हेर्मिलो बसायचा. त्या बादलीवर दुसरं कोणी बसत नसे. बसलंच तर दोन्या चोले ओरडायची. दोन्या चोले म्हणजे पहिल्या रांगेतली म्हातारी. नवरा गेल्यापासून तिनं एक रविवार चुकवला नव्हता आणि शिव्या देताना एकाही पैलवानाच्या आईला सोडलं नव्हतं.

दर रविवारी, ऊन उतरलं की, आमच्या अरेनात शेवटची कुस्ती तोल्व्हानेराची असायची. आमच्याकडं वाळवंटातून धुळीची भिंत चालून येते, तिला तोल्व्हानेरा म्हणतात. त्याचा मुखवटा धुळीच्याच रंगाचा होता. मुखवट्याखालचा माणूस लेर्दोच्या रस्त्यावर टायरचं पंक्चर काढायचा. ते वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी कधी बोलत नव्हतं. त्याच्या दुकानात पंक्चर काढायला आलेली मुलं भिंतीवरचं त्याचं पोस्टर बघत आणि मग त्याच्याकडं बघत, आणि गप्प राहत. मुखवट्याचं नाव आणि माणसाचं नाव एका दमात घ्यायचं नाही, हे आमच्याकडं पोरं बोलायला शिकतात तेव्हाच शिकतात. हेर्मिलो त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत. दुसरं नावच उरलं नव्हतं.

तोल्व्हानेरा त्याच्या उडीसाठी ओळखला जायचा. प्रतिस्पर्ध्याला तो आमच्या बाजूला रिंगबाहेर फेकायचा. मग समोरच्या दोरांना पाठ टेकून उभा राहायचा, मान एका खांद्याकडं कलती. लोक एका तालात पाय आपटायचे. मग तो धावायचा, दोरांच्या मधून डोकं पुढं करून बाहेर झेपायचा आणि खाली उभ्या माणसाच्या छातीवर जाऊन आदळायचा. मान कलती करून उभं राहणं ही त्याची ऐट आहे असं लोक समजत. शाळेतली पोरं त्याची नक्कल करत.

ती ऐट नव्हती. तो ऐकत असायचा.

त्याचा डावा डोळा गेला होता. पूर्वीच कधीतरी कुणाचं तरी कोपर लागून. उजव्या डोळ्यापुढं मुखवट्याचं भोक घामानं सरकायचं. धावत आलेल्या त्याला दोरांपलीकडं फक्त काळोख दिसायचा आणि त्या काळोखात त्याला झेलणारा माणूस असायला हवा होता. झेलणारा, हा शब्द आमच्यात उच्चारत नाहीत. लोकांसाठी तो शत्रू असतो, फेकला गेलेला, चक्कर आलेला. पण तो उभा राहतो, पाय रोवतो, हात पुढं करतो आणि येणाऱ्याचं वजन अंगावर घेतो. तो उभा राहिला की हेर्मिलो बोट दाबायचा. खट-खट-खट. तोल्व्हानेराला त्यातून दोन गोष्टी कळायच्या. माणूस जागेवर आहे, आणि जागा इथं आहे. मग तो त्या आवाजाकडं धावायचा.

हे तिघांना माहीत होतं. ते दोघं आणि बादलीशेजारी टेबल असल्यामुळं मी. कुस्ती आयोगाच्या डॉक्टरला डोळ्याचं कळलं असतं तर त्याचा परवाना गेला असता. आणि झेलण्याचं लोकांना सांगितलं असतं तर परवान्यापेक्षा मोठं काहीतरी गेलं असतं. म्हणून हेर्मिलो म्हातारपणाकडं झुकला, त्याचा कॅमेरा त्याच्याआधी म्हातारा झाला, तरी तो का बदलत नाही, याचं उत्तर त्याला कोणाला देता येत नव्हतं.

"मात्राका, तुझा कॅमेरा बाळंत होतोय बघ," उर्सुलो म्हणायचा. "सुईणीला बोलवू का?"

"जुळं होऊ दे, एक तुला देतो," हेर्मिलो म्हणायचा.

मग म्हातारे मालक वारले आणि अरेना त्यांच्या जावयाकडं गेलं. आबेलार्दो कुरी. तोर्रेओनच्या कापड दुकानदारांच्या घरातला, मऊ हातांचा, कधीही आवाज न चढवणारा माणूस. त्यानं कुस्त्या इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. रिंगच्या चारी बाजूंना माइक लावले. एका दुपारी त्यानं हेर्मिलोला माझ्यासमोरच थांबवलं.

"वस्ताद, रविवारचं रेकॉर्डिंग ऐकलंत?"

"नाही साहेब."

"मग ऐका." त्यानं फोन पुढं केला. निवेदक घसा फाडत होता, लोक ओरडत होते आणि त्या सगळ्यावर खट-खट-खट-खट. "शिकागोहून माणसं विचारतायत, अरेनात शिवणयंत्र चालवता का म्हणून."

"कॅमेरा आहे साहेब."

"कॅमेरा आहे ते दिसतंय. म्हातारा आहे तो. आपण सगळेच होणार, त्यात वाईट काय? पण म्हाताऱ्यानं खोकू नये." तो गोड हसला. "रिंगपाशी बसायचं तर बिनआवाजाचा कॅमेरा. नाहीतर वर गॅलरीत, कबुतरांच्या शेजारी. तिथं हवं तेवढं करकरा."

"माझ्याकडं सगळ्या लेन्स याच्याच आहेत. नव्याला त्या बसत नाहीत."

"मी देतो. कॅमेरा, लेन्स, सगळं अरेनाचं. फोटोही अरेनाचे. तुम्ही फक्त हा जुना मला द्या. पुढच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवतो, खाली तुमचं नाव. लोकांचं नाव मेल्यावर लागतं, वस्ताद. तुमचं जिवंतपणी लागेल."

हेर्मिलोनं विचार करायला वेळ मागितला. कुरीनं दिला. वेळ देणं त्याला परवडत होतं.

पाहायला गेलं तर ठरवण्यासारखं फारसं नव्हतं. जुना कॅमेरा ठेवला तर वर गॅलरीत, आणि तिथून आवाज रिंगपर्यंत पोचत नव्हता. नवा घेतला तर खाली बादलीवर, आणि आवाजच नाही. दोन्हीकडून त्याचा कोम्पाद्रे, तोल्व्हानेरा, आंधळाच राहणार होता. तिसरा मार्ग होता तो उडी सोडण्याचा. त्याबद्दल बोलायला हेर्मिलो पंक्चरच्या दुकानात गेला तेव्हा मीही बरोबर होतो, माझ्या सायकलची ट्यूब घेऊन.

कोम्पाद्रे पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. डोळ्यापेक्षा कानानंच शोधत होता, गाल पाण्याला टेकवून.

"उडी सोड," हेर्मिलो म्हणाला.

"तू मिशी सोड."

"मी मस्करी करत नाही, कोम्पाद्रे."

"मीही नाही. माझ्यातून उडी काढलीस तर काय उरतं? हा टब." त्यानं ट्यूब पिळली. "तू घे तो कॅमेरा. गॅलरीत जाऊन बसलास तर मला तुझा काय उपयोग? खाली राहा. आवाज नाही तर हात आहे ना? रिंगच्या फळीवर थाप मार. दोन थापा. मला कळेल."

"लोक पाय आपटत असतात."

"लोकांचे पाय म्हणजे लोकांचे पाय. तुझा हात मला कळेल."

त्यांनी सराव केला. मंगळवारी सकाळी, रिकाम्या अरेनात. हेर्मिलो थाप मारायचा, कोम्पाद्रे डोळे बांधून धावायचा आणि दोरांपाशी थांबायचा. प्रत्येक वेळी बरोबर जागी. रिकाम्या अरेनात सगळंच ऐकू येतं.

मी मात्र आणखी एक गोष्ट पाहिली होती. त्याच्या आधीच्या रविवारी उर्सुलो लघवीला गेला आणि जाताना त्यानं आपला कॅमेरा हेर्मिलोच्या हातात दिला. रिंगमध्ये दोन बुटके पैलवान एकमेकांना फिरवत होते. हेर्मिलोनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि दाबला. काही वाजलं नाही. त्यानं पुन्हा दाबला, दाबून धरला. मग त्याचं तोंड हळूहळू उघडलं, लहान मुलाचं उघडतं तसं.

"अंधार होत नाही," तो पुटपुटला. "घंटावाल्या, अंधार होतच नाही. सगळं दिसतंय."

उर्सुलो परत आला तरी त्यानं कॅमेरा लगेच दिला नाही. ओढून घ्यावा लागला.

निर्णय त्या वेळीच झाला होता. पुढं तो निर्णयाला नुसते कपडे चढवत होता. कोम्पाद्रेच्या जवळ राहायचं म्हणून, जागा जाऊ नये म्हणून. ते सगळं खरंही होतं. पण आयुष्यभर आंधळेपणी फोटो काढलेल्या माणसाला एकदा डोळा दिला की तो डोळ्याच्या बाजूनंच बोलणार.

सरावानंतरच्या सोमवारी त्यानं जुना कॅमेरा कुरीच्या हातात दिला. कपाटात ठेवताना कुरीनं त्याच्यावर पिवळा दिवा सोडला, बेकरीतल्या केकवर सोडतात तसा. खाली पितळी पट्टी: हेर्मिलो साल्दिव्हार, ज्याला सगळे मात्राका म्हणत. 'म्हणत' हे वाचून उर्सुलो खूप हसला. "मेलास की रे," तो म्हणाला. "चल, अंत्यविधीची बिअर मी पाजतो."

नव्या कॅमेऱ्याचं त्याला लगेच जमलं नाही. तो कॅमेरा माणसाचे डोळे शोधून त्यांच्यावर फोकस धरायचा, त्याचीच जाहिरात होती. पण मुखवट्याला तो माणूस मानायला तयार नव्हता. पहिल्या रविवारी हेर्मिलोनं काढलेल्या प्रत्येक फोटोत पैलवान पुसट आणि मागं दोन्या चोले लख्ख, दातांच्या फटींसकट.

"बघ," ती फोटो बघून म्हणाली, "यंत्राला कळतं कुस्ती कोण खेळतंय ते."

दिव्यांच्या लुकलुकीमुळं फोटोंवर पट्टे यायचे. झपाट्यानं फिरणारा पाय केळ्यासारखा वाकायचा. हेर्मिलो आठवडाभर बसून एकेक गोष्ट बंद करत गेला, बदलत गेला. डोळे शोधणं बंद, गती वाढव, दिव्यांशी जुळव. बायको गेल्यापासून त्याच्या घरात बोलणारं कोणी नव्हतं. आता तो त्या कॅमेऱ्याशी बोलायचा. शेवटी ते यंत्र त्याच्या मुठीत आलं. पहिले दोन रविवार तोल्व्हानेराच्या कुस्तीत उडीच नव्हती. तिसऱ्या रविवारी होती.

त्या दिवशी समोर होता एल आक्तुआरियो. आक्तुआरियो म्हणजे कोर्टातून जप्ती घेऊन येणारा बेलिफ. तो उघड्या अंगावर टाय बांधून यायचा आणि आल्या आल्या पहिल्या रांगेतल्या कोणाची तरी खुर्ची जप्त करायचा. लोक त्याचा मनापासून द्वेष करत. प्रत्येकाच्या दारात कधी ना कधी खरा बेलिफ येऊन गेला होता. माणूस म्हणून तो सावध होता, झेलण्यात भरवशाचा. त्यालाही सांगून ठेवलं होतं, पाय रोवून उभा राहा, बाकी आम्ही बघतो.

तिसऱ्या फेरीत तोल्व्हानेरानं त्याला आमच्या बाजूला बाहेर फेकलं. बेलिफ लोळला, उठला, पाय रोवले, हात किंचित पुढं केले. जागा बरोबर होती. पलीकडं तोल्व्हानेरा दोरांना टेकून उभा राहिला. मान कलती झाली. लोक पाय आपटू लागले.

हेर्मिलोनं बोट दाबलं.

मी त्याच्या शेजारी होतो. त्याचं बोट खाली गेलेलं मी पाहिलं. डावा हात लेन्सखाली होता आणि तिथंच राहिला. इतक्या वर्षांत दाबणं म्हणजेच बोलावणं होतं. बोटानं आपलं काम केलं होतं, त्याच्या अंगाला वाटलं की हाक गेली. आता कोम्पाद्रे धावणार. तो वाट बघू लागला. आणि वाट बघता बघता त्या डोळ्यातून त्याला पहिल्यांदाच सलग, एकाही अंधाराशिवाय, आपला कोम्पाद्रे दिसला. ऐकत असलेला. घामानं मुखवटा गालाला चिकटलेला, मानेची शीर ताठ, सगळं अंग एका कानात गोळा झालेलं. तो दाबतच राहिला.

पलीकडं तोल्व्हानेरा उभाच. काही आलं नाही. तो आणखी कलला.

"काय रे," दोन्या चोले किंचाळली, "बायकोला विचारून उडी मारणार का?"

लोक हसले. पाय थांबले, शिट्ट्या सुरू झाल्या. "बस चुकली वाटतं!" कोणीतरी ओरडलं. "उशी आणा रे, झोपला उभ्या उभ्या!" कुरीच्या माइकमधून ते शिकागोपर्यंत जात होतं.

"मार ना," हेर्मिलो दातांतून म्हणाला. "मार उडी, मार." आणि तो बोट दाबत होता. जास्त जोरानं दाबत होता.

बेलिफला वाटलं, उडी रद्द झाली. होतं असं कधी कधी. नुसतं उभं राहून लोकांना पाठ दाखवणं खलनायकाला शोभत नाही. दोन्या चोलेनं त्याच्या टायवर बिअर ओतली होती. तो वळला आणि तिची खुर्ची जप्त करायला दोन पावलं पुढं गेला.

तेवढ्यात शिट्ट्यांनी तोल्व्हानेराला ढकललं. इशाऱ्यानं नाही, शिट्ट्यांनी. तो धावला. दोरांमधून बाहेर आला. उडी सुंदर होती, ते सांगायलाच हवं. हात मागं, छाती पुढं. आणि तो लोखंडी कठड्यावर डोक्यानं उतरला.

त्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला.

मी घंटा मारली. मारत राहिलो, डॉक्टर येईपर्यंत. घायाळ पैलवानाचा मुखवटा काढायचा नाही, आणि श्वासासाठी सैल करावाच लागला तर त्याचा चेहरा झाकायचा, ही आमची रीत. उर्सुलोनं आपला कॅमेरा जमिनीवर टाकला, जाकीट काढलं आणि त्याच्या तोंडावर धरून गुडघ्यावर बसला. तोच उर्सुलो, ज्याच्या तोंडून कधी एक धड शब्द निघाला नव्हता. हेर्मिलो बादलीवर तसाच बसून होता, कॅमेरा डोळ्याला. कार्ड भरलं तेव्हा तो थांबला.

कोम्पाद्रे जगला. कमरेखाली काही उरलं नाही. इस्पितळात भेटायला येणारे रांगेनं यायचे, म्हणून बायको त्याला सकाळी आंघोळीनंतर मुखवटा चढवायची. भेटीची वेळ संपली की उतरवायची. नर्सना सवय झाली होती. आम्ही गेलो तेव्हा तो मुखवटा घालून पेज पीत होता.

"कोम्पाद्रे," तो म्हणाला, "थाप मारली होतीस ना?"

हेर्मिलोनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मारली," तो म्हणाला.

"मग कान गेले म्हणायचे." कोम्पाद्रेनं मान हलवली. त्याला जवळजवळ हायसं वाटलं. "डोळा गेला तेव्हाच ओळखायला हवं होतं. माणूस एका बाजूनं किडतो."

डॉक्टरनं तपासून सांगितलं की कान ठणठणीत आहेत. त्यानं डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, हेर्मिलोवर ठेवला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पेल्यावर चमचा वाजवायला लावायचा. ऐकू आलं की म्हणायचा, "हे ऐकू येतं. तेव्हाच नेमकं आलं नाही." आणि बेलिफ पायथ्याशी बसून रडायचा. तो म्हणायचा, हललो मी, चूक माझी. कोम्पाद्रे त्याला म्हणायचा, गप रे, टाय भिजेल.

मी पाहिलं होतं ते माझ्यापाशीच ठेवलं. मी घंटा वाजवतो. बाकीचं काही वाजवायला मला कोणी ठेवलेलं नाही.

फोटो आले. एकही पुसट नव्हता. इतके सलग की ते लावून पाहिले तर माणूस पडताना दिसायचा. कुरीनं पडण्याचे बाजूला ठेवले. तो सभ्य माणूस होता. त्यानं ऐकतानाचा निवडला. अरेनाच्या दर्शनी भिंतीवर दुमजली कापडावर तो लावला. दोरांना टेकलेला, मान कलती, ओठ किंचित उघडे. खाली एकच शब्द: तोल्व्हानेरा. लोक त्यापुढं थांबत. म्हणत, उडीआधीचं ध्यान आहे हे, देव दिसत असणार त्याला. कोणीतरी खाली मेणबत्त्या लावू लागलं. बाहेरच्या शहरांतल्या पेपरांनीही तो छापला. हेर्मिलोच्या नावाला त्यानंतर जेवढा मान मिळाला तेवढा आधी कधी मिळाला नव्हता.

"आता तरी सोडशील हा कॅमेरा?" उर्सुलोनं त्याला विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"नाही," हेर्मिलो म्हणाला.

रोज अरेनात शिरताना त्याला त्या कापडाखालून जावं लागायचं. तो मान वर करायचा नाही. पण एकदा वारा सुटला होता, धुळीनं रस्ता भरला होता आणि कापड फडफडत होतं. तेव्हा मी त्याला त्याच्यासमोर उभा पाहिला. त्याचा हात हवेत वर झाला होता. तळवा उघडा. मग त्यानं तो खिशात घातला.

हिवाळ्यात कुरीनं तोल्व्हानेराच्या निरोपाचा रविवार ठरवला. तो पुन्हा कुस्ती खेळणार नव्हता, म्हणजे मुखवटा ठेवायला कारण नव्हतं. मुखवटा रिंगमध्ये उतरवायचा. आत कोण आहे ते लोकांनी पाहायचं. कोम्पाद्रे तयार झाला. त्याला घरात बसून मुखवट्याचा कंटाळा आला होता, असं तो म्हणाला. फक्त एक अट घातली. चेहऱ्याचा पहिला फोटो हेर्मिलोनं काढायचा, आणि जुन्या कॅमेऱ्यानं.

"आवाजाच्या," तो म्हणाला.

कुरीला ती कल्पना फार आवडली. कपाट उघडलं, दिवा बंद केला, बॅटरी चार्ज करून घेतली. आता त्याला आवाज हवा होता. रिंगमध्ये आमच्या बाजूला त्यानं एक माइक खास लोंबता सोडला.

अरेना भरलं होतं. जिन्यांवर लोक बसले होते. चारचौघांनी चाकाची खुर्ची दोरांवरून आत घेतली. बेलिफनं टाय नीट केला आणि मागं उभं राहून मुखवट्याची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटता सुटेना. दोन्या चोले ओरडली, "दातानं सोड रे, जप्ती तर दातानं करतोस!" आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

मुखवटा निघाला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कपाळावर जुन्या जखमांच्या रेघा असलेला माणूस. एक डोळा पांढरा. ज्याच्याकडून अर्धं अरेना पंक्चर काढून गेलं होतं. तरी सगळे उभे राहिले, जणू त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

"माझं नाव फिलेमोन अराइसा," तो माइकमध्ये म्हणाला. "लेर्दोचा. टायरचं काम करतो. सगळं आयुष्य इथं गेलं." हे असंच म्हणायचं असतं, नाव, गाव, वर्षं. पण तो थांबला नाही. "माझा हा डोळा गेलेला आहे. मला खालचं दिसायचं नाही. माझा कोम्पाद्रे मला इशारा द्यायचा, माणूस उभा आहे, ये म्हणून. त्या दिवशीही दिला होता. मलाच ऐकू आला नाही. लोक याला-त्याला बोलतात. आक्तुआरियोला बोलतात. कोणाला बोलू नका."

रिंगभोवतीचे पैलवान जमिनीकडं बघू लागले. जे कधी सांगायचं नसतं ते त्यानं मधोमध उभं करून सांगितलं होतं. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळं अरेना कोसळल्यासारखं वाजू लागलं. "मात्राका! मात्राका!" लोक ओरडत होते. हातातल्या लाकडी करकरी फिरत होत्या.

हेर्मिलो रिंगमध्ये उभा होता. जुना कॅमेरा गळ्यात.

"वाजव, कोम्पाद्रे," फिलेमोन म्हणाला. "बघू ऐकू येतंय का."

त्यानं हात वर केला. अरेना शांत झालं. त्यानं मान कलती केली, भिंतीवरच्या कापडात होती तशीच. हेर्मिलोनं कॅमेरा डोळ्याला लावला. फार वेळ लावला. मग दाबला.

खट-खट-खट-खट.

माइकमधून तो आवाज छपरापर्यंत गेला आणि कबुतरं उडाली.

"आलं!" फिलेमोन हसला. "आलं ऐकू! सगळं आलं!" लोक रडत होते, हसत होते. त्यानं हात खाली घेतला आणि पुन्हा वर केला. "आता हातानं, कोम्पाद्रे. त्या दिवशी मारलीस तशी. इथं, फळीवर."

हेर्मिलो वाकला. तळहात फळीवर ठेवला आणि दोनदा मारला. हळूच. मारल्यासारखंही नाही. माइक वर होता, त्यात काही आलं नाही. लोक अजून ओरडत होते.

फिलेमोनचं हसू तसंच होतं, पण त्यातून काहीतरी निघून जाऊ लागलं. त्यानं चांगला डोळा वर केला.

"हेही आलं," तो म्हणाला. माइकपासून दूर, इतक्या हळू की मला आणि हेर्मिलोलाच ऐकू यावं. "एवढ्या गोंगाटात. एवढी हळू." त्यानं ओठ ओले केले. "मग त्या दिवशी का नाही आलं, कोम्पाद्रे?"

हेर्मिलोनं कॅमेऱ्याचा पट्टा मानेतून काढला. कॅमेरा चटईवर ठेवला, खुर्चीच्या चाकाजवळ. लोक त्याचं नाव घेत होते. तो दोरांखालून वाकून बाहेर आला, माझ्या टेबलाला हात टेकून खाली उतरला, बादली ओलांडली आणि रांगांच्या मधल्या वाटेनं चालू लागला. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. दाराशी पोचल्यावर उतरतं धुळकट ऊन त्याच्या अंगावर आलं, आणि तो बाहेर गेला.